अंदमानातल्या पावसाची बातमी

माझ्या नणंदेला गुडघाभर पाण्यात उभं राहायचं होतं. बस, एवढंच.

हे ऐकून कोणी हसेल. हसा बापा. पण आमचं घर धानाचं. आंबागडच्या किल्ल्याखाली गाव, गावाच्या वर तलाव, तलावाच्या खाली आमच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे पऱ्हे, धानाची रोपं, उपटून त्या चिखलात पुन्हा लावायच्या दिवसांत, घरातलं झाडून सगळं माणूस सकाळपासून पाण्यात उभं असतं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कंबर मोडते, पाण्याचा वीट येतो. अन् त्या घरातली मुलगी म्हणते, मला पाण्यात उभं राहायचंय. कारण त्या घरात तीच एक होती जिनं बांधीत कधी पाय घातला नव्हता.

तिला सिकल होतं. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावावा लागत नाही, गावागावांत आहे. बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, अन् मग हाडं अशी दुखतात की माणूस भिंतीला डोकं लावून ओरडतं. थंडी लागली की दुखणं, भिजलं की दुखणं, तहानेलं राहिलं की दुखणं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जाणारी पोट्टी होती. सासूबाई तेव्हाच नव्हत्या, त्यामुळे आल्याआल्या तिची राखण माझ्या गळ्यात पडली. आम्ही रोवण्यात वाकलेल्या, ती धुऱ्यावर छत्री घेऊन बसलेली, अन् कोणाचं लक्ष नाही असं बघून हळूच एक पाय खाली सोडायची. मी वाकल्या कमरेनंच ओरडायची, "बाई, पाय नको घालू! पाणी थंडं हाये!" रोवणाऱ्या बाया माझी नक्कल करायच्या. घरी जाताना एकमेकींना म्हणायच्या, बाई, पाय नको घालू, अन् खिदळायच्या.

पोट्टीची बाई झाली, तिशीला आली. लग्नाचं कोणी विचारलं नाही, तिनंही विषय काढला नाही. घरी मशीन घेऊन ब्लाउज शिवायची. गावातल्या बायांची मापं तिला तोंडपाठ होती. पावसाळ्यात मात्र मशीन बंद. अंगात स्वेटर, पायात मोजे, पोटाशी गरम पाण्याची पिशवी, अन् खिडकीतून पाऊस बघत बसणं. अशाच एका पावसाळ्यात तिनं मोबाईलवर अंदमान बघितलं. पांढरी रेती, हिरवंनिळं पाणी, अन् त्यात गुडघाभर उभी असलेली कोणीतरी बाई. ती बाई सांगत होती की पाणी कोमट आहे.

"कोमट, वहिनी!" मोबाईल माझ्या नाकाशी धरून ती म्हणाली. "समुद्रच्या समुद्र कोमट!"

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "त्यात काय मोठं वं? आंघोळीच्या टपात पाणी तापवून देतो, त्यात उभी राय."

"टपाचा दुसरा काठ दिसते न," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं अंदमान सोडलं नाही. भाजी निवडताना अंदमान, मशीनवर अंदमान. कोणत्या बेटावर कोणती बोट जाते, कुठल्या किनाऱ्यावर पाणी उथळ आहे, सगळं तिनं मोबाईलवरून उचललेलं. मी चिडवायची, "तिथल्या सरपंचाचं नाव काय, तेवढं सांगून टाक." पण मला दिसत होतं. त्या पोरीनं आजवर घरात काही मागितलं नव्हतं. ही पहिली मागणी होती, अन् ती शेवटचीही असू शकते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं.

तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, पहिल्याच दिवशी हो म्हणाले. हो म्हणण्यात ते मोठे शूर. "नेतो न बाई तुले. रोवणा होऊन जाऊ दे." रोवणा झाला तर पोळा आला. पोळा झाला तर धान निसवलं, मग दिवाळी, मग मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, अन् मंडईचे पाहुणे, कापणी, मळणी. ते आवरतं न आवरतं तोच उन्हाळी धानाची नांगरणी. तलावाखाली शेत असलं की हे असंच. पाणी आहे म्हणून दोन पिकं, अन् दोन पिकं आहेत म्हणून माणसाला श्वास घ्यायला फट नाही. माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते, ते तर एवढंच बोलायचे: "धान काय थांबून राहते काय आपल्यासाठी?" नाही थांबत. माणूस थांबतं, मामाजी. तिच्यासारखं माणूस थांबतं. पण हे मी तेव्हा मनातच म्हणायची.

एकदा कापणी अन् उन्हाळी रोवणा यांच्या मधात, ऐन थंडीत जायचं ठरलं होतं. पिशव्या काढल्या होत्या. त्या आठवड्यात अशी थंडी पडली की पहाटे तिच्या मांडीच्या हाडात कळ उठली, अन् अंदमानाऐवजी आम्ही भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेलो. रक्ताची बाटली चढत होती अन् ती मला विचारत होती, "वहिनी, तिथं आत्ता किती ऊन असंल?" मी म्हटलं, "गप पडून राय." माझा आवाज चढला तेव्हा शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला रागावली. तिला काय माहीत, मी कशासाठी ओरडले ते.

म्हणजे हिवाळा बाद. पावसाळा तर पहिल्यापासूनच बाद; पावसात तिला घराच्या ओट्यावर नेणं कठीण, तिथं समुद्रावर कोण नेतं? राहिला उन्हाळा. उन्हाळी धान मे महिना अर्धा होईतो कापून होतं. पऱ्हे टाकायचे ते मृग लागल्यावर. त्याच्या मधात जी काही फट उरते, ती आमची. आम्ही सगळ्यांनी बसून हे ठरवलं अन् सगळ्यांना ते पटलं. मामाजींनासुद्धा. "मृगाच्या आत वापस या म्हणजे झालं," ते म्हणाले. भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळ प्रवासाची तिकिटं काढून देणारं एक दुकान आहे. तो दुकानदारही शेतकऱ्याच्याच घरचा. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर मृगाच्या दिवसावर बोट ठेवलं, तिथून मागे मागे सरकत आला अन् मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर थांबला. "बरोबर बसते पाहा ताई. पावसाच्या आधी जाऊन येऊन मोकळे." मी खूश. घरी येताना बसमध्ये मी यांना म्हणाले, पाहा, डोकं लावलं की फट सापडते.

डॉक्टरांनीही हो म्हटलं. पाणी भरपूर प्यायचं, अंग गरम ठेवायचं, दगदग करायची नाही. मग काय! नणंदबाईंनी मशीनवर फिक्कट निळ्या कापडाची एक पँट शिवली, गुडघ्यापर्यंतची. आमच्या गावात तिशीतली बाई गुडघे उघडे टाकून फिरत नाही. ती दार लावून घालून बघायची अन् मला आत बोलवायची. "मामाजींनी पाह्यलं तर?" मी म्हणायची. "बाबाले सांगीन, भावाची हाफपँट लहान करून राहिली." अन् दोघी तोंडात पदर, ओढणी कोंबून हसायचो. तिचे पाय काडीसारखे होते, पांढुरके. कधी चिखल न लागलेले पाय, धानाच्या घरात असे पाय मी दुसरे पाहिले नाहीत.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. दरवर्षी मे महिन्यात मामाजी टीव्हीसमोर एका बातमीची वाट बघतात. टीव्ही नव्हता तेव्हा रेडिओला कान लावून बसायचे. मान्सून अंदमानात दाखल. ती बातमी आली की ते उठतात, आतून गुळाचा खडा आणतात, फोडतात अन् घरातल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवतात. त्यांचे वडीलही म्हणे असंच करायचे. अंदमानात आला म्हणजे आता निघाला, आता येतो, आता बियाणं काढा, नांगर बघा. मी लग्न होऊन आल्यापासून तो गूळ खाते आहे. माझ्या नणंदेनं जन्मापासून खाल्ला.

त्या वर्षी धान कापून पोत्यांत भरलं होतं. दुपारची जेवणं झाली होती. नणंद खाली बसून बॅग भरत होती, मी तिच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत बांधत होते. टीव्हीवरची मुलगी बोलली अन् मामाजी खुशीत उठले. "आला! अंदमानात आला! यंदा लवकर हाये!" गेले, गूळ आणला, फोडला. यांच्या हातावर ठेवला, माझ्या हातावर ठेवला, अन् पोरीच्या हातावर ठेवता ठेवता त्यांचा हात तसाच राहिला.

टीव्हीवर पावसाचे ढग दाखवत होते. तेच बेट, तेच तिनं मला शंभरदा दाखवलेलं पाणी, आता काळं अन् उसळलेलं, अन् किनाऱ्यावर माड वाकत होते.

माय वं! सारा जन्म ती बातमी ऐकली आम्ही. पाऊस तिथं आधी येतो अन् मग आपल्याकडे, हे आमच्या घरात पोराटोरांना ठाऊक. पण मृग लागल्याशिवाय पाऊस नाही, हे त्याच्याही आधीपासून हाडात बसलेलं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात, अन् एकानंही त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. मामाजींनी नाही, यांनी नाही, मी नाही, त्या दुकानदारानं नाही. दुसऱ्या कोणत्या मुलखातल्या माणसानं ही चूक केली नसती. त्याला मृग माहीत नसता, त्यानं सरळ विचारलं असतं की बाबा तिथं पाऊस कधी येतो.

ती मात्र हसली. गूळ तोंडात टाकला अन् म्हणाली, "म्हंजे पावसाच्या घरीच पाहुणे जाऊन राहिलो होतो न आपण, वहिनी?"

मला हसू आलं नाही. मी गोळ्यांची पिशवी आपटली अन् सगळ्यांवर तोंड सोडलं. मामाजींवर सोडलं, जे त्याआधी कधी केलं नव्हतं. "येवढी वर्षं गूळ वाटून राहिले, एक डाव तरी इचार करा न कुठून येते तो पाऊस!" त्यांनी उठून टीव्ही बंद केला. यांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, जाता येईल, पण लहान बेटांवरच्या बोटी वारा सुटला की बंद असतात, भरवसा नाही. डॉक्टरांनी तर ऐकूनच नाही म्हटलं. ओल्या हवेत, भिजून, परक्या ठिकाणी दुखणं उठलं तर? मग पुढच्या वर्षीच्या होळीच्या आसपासची बोलणी झाली. तेव्हा उन्हाळी धानाला पाणी द्यायचं असतं, पण ते पाहू, असं हे म्हणाले. नणंदेनं निळी पँट घडी करून पेटीत ठेवली. "होळीले तं होळीले," ती म्हणाली. "समुद्र काय पळून जाते?"

मग नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत जाळते नऊ दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत पाखरं झाडाखाली मरून पडतात. ती पाणी पीत होती, ओल्या पडद्याच्या खोलीत पडून होती, मी स्वतः तिला लिंबूपाणी देत होते. तरी ताप आला. छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर धावले, रक्त चढवलं, नाकाला नळी लावली. तिच्या हाताला मी धरून बसले होते. तिला बोलता येत नव्हतं, नुसती बघत होती. सकाळच्या वेळी गेली. पाऊस नव्हता, थंडी नव्हती, पाण्यात पाय नव्हता. सगळं पथ्य पाळून गेली.

राख सावडायला घरचे पुरुष गेले, मीही गेले. बाया जात नाहीत, पण मला अडवायची कोणाची टाप नव्हती. मडकं भरलं तेव्हा हे म्हणाले, "आत्ताच वैनगंगेवर नेऊ. वैनगंगा गोदावरीले मिळते, गोदावरी समुद्राले. तोच समुद्र हाये. पोचंल ती." रडत होते बिचारे. पण माझं डोकं सणकलं.

"कुठं पोचंल?" मी म्हटलं. "नदीत रेती हाये नुसती, डबकी साचली हायेत. अन् मधात धरण हाये. दारं बंद हायेत त्याची. तिथं गाळात बसवता काय तिले?"

"मंग काय करावं?"

"पाऊस येऊ द्या. दारं उघडली की नेऊ."

लोक कुजबुजले. अस्थी अशा अडवून ठेवत नाहीत, जीव अडकून राहतो म्हणाले. मी म्हटलं, तिशी गाठेपर्यंत अडकूनच होता, अजून थोडा राहील. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून आमच्या बांधीच्या धुऱ्यावर मोहाचं झाड आहे, त्याच्या फांदीला मडकं टांगलं. मडक्याच्या तोंडावर बांधायला मी पेटीतून ती निळी पँट काढून आणली. दहावा झाला, तेरवी झाली, मडकं तिथंच.

मृग कोरडा गेला. मग पाऊस आला अन् लागूनच राहिला. तलाव भरला, पऱ्हे हातभर झाले, रोवणा लागला. बाया ओळीनं वाकलेल्या, मीही वाकलेली, अन् मान वर केली की झाडावर ते निळं दिसायचं. त्या वर्षी कोणी माझी नक्कल केली नाही. एक-दोघी त्या झाडाकडे पाठ करून रोवायच्या.

रोवणा अर्धा झाला होता. सगळ्यांत मोठ्या बांधीत चिखल तयार होता, पऱ्ह्यांच्या उपटलेल्या पेंढ्या जागोजागी पाण्यात टाकलेल्या होत्या. उपटलेला पऱ्हा तसा पडू देत नाहीत, त्याला लगेच लावावं लागतं. दुपारी मामाजी छत्री घेऊन धुऱ्यावरून येताना दिसले. एरवी ते त्या वेळी टीव्हीसमोर असतात. येऊन बांधीच्या काठाशी उभे राहिले अन् मोठ्यानं म्हणाले, "धरणाची दारं उघडली. टीव्हीवर सांगून राहिले. चला."

यांनी हातातली पेंढी तिथंच सोडली. बाया सरळ उभ्या झाल्या. "अन् रोवणा?" कोणीतरी विचारलं.

"राहू दे रोवणा," मामाजी म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही, संताप आला. सुटत होता तर! इतकं सोपं होतं रोवणा सोडणं! एका वाक्यात सुटला, आभाळ कोसळलं नाही, पऱ्हे पाण्यात पडले ते पडले. तिच्यासाठी हे एकदा, एकाही वर्षी, ती बोलतीचालती असताना का नाही सुटलं? एखाद्या मार्चमध्ये, ऊन कोवळं असताना, बोटी चालू असताना? ऑटोत बसून जाताना मी हे सगळं बोलले, दोघांनाही बोलले. मामाजींच्या मांडीवर मडकं होतं, ते त्या निळ्या कापडावरून हात फिरवत होते. एवढंच म्हणाले, "बोल सूनबाई. बोल तू."

वैनगंगा दोन्ही काठ भरून चालली होती. तांबडं पाणी, त्यात झाडं वाहत होती. घाटाच्या बऱ्याच पायऱ्या बुडाल्या होत्या अन् पोलीस लोकांना वरच थांबवत होते. मामाजींच्या हातातलं मडकं बघून त्यांनी आम्हाला दोन पायऱ्या खाली जाऊ दिलं. मामाजींनी वाकून मडकं पाण्यावर ठेवलं अन् सोडलं. ते एकदा गरकन फिरलं, मग धारेला लागलं. निळं कापड थोडं दूरपर्यंत दिसलं. हे हात जोडून उभे होते, रोवण्याचा चिखल गुडघ्यांवर तसाच वाळलेला.

मी खाली बसून पाण्यात हात घातला. हाडापर्यंत थंडगार पाणी होतं. अन् माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, काठावरच्या साऱ्या लोकांना ऐकू जाईल असं:

"बाई, पाय नको घालू!"